‘द फ्लूरॉन’ : अदृश्य अक्षराचा दृश्य पुरावा

‘फ्लूरॉन’ म्हणजे मुद्रक पानाच्या सजावटीसाठी योजतात ते फूल. हे नाव धारण करणाऱ्या इंग्रजी नियतकालिकाचे १९२३ ते १९३० या काळात अवघे सात अंक निघाले. पहिल्या चारांचे संपादन ऑलिव्हर सायमन यांनी केले, उरलेल्या तिहींचे स्टॅन्ली मॉरिसन यांनी. हे अंक आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय आहेत; त्यांतील अंतर्विरोधाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

सातव्या अंकातील मॉरिसन यांचा मुद्राक्षररचनेच्या मूलतत्त्वांवरील निबंध सर्वपरिचित आहे. पुस्तकातील अक्षररचना मूलतः उपयुक्ततेची बाब असून तिचे सौंदर्य आनुषंगिक होय; लेखक आणि वाचक यांच्यामध्ये उभी राहणारी मांडणी सदोषच, अशी त्यांची भूमिका. प्रचारसाहित्याला त्यांनी यातून सूट दिली, हे सहसा विसरले जाते. पण ज्या अंकात अक्षराने स्वतःला पुसून टाकावे असे सांगितले आहे, त्याच अंकाला एरिक गिल यांच्या ‘पर्पेच्युआ’ या नव्या अक्षरवळणाची ओळख करून देणारी पुस्तिका जोडलेली आहे. अर्थात, अक्षर पाहावे म्हणून!

याहून बोलका आहे १९२६ चा पाचवा अंक. गारामाँ या सोळाव्या शतकातील अक्षरकर्त्याच्या नावावर पॅरिसच्या राजमुद्रणालयात जतन केलेले खिळे त्याचे नसून झानों या नंतरच्या मुद्रकाचे आहेत, हे ‘पॉल बोजाँ’ यांनी झानोंच्या १६२१ च्या नमुनापत्राच्या आधारे तेथे सिद्ध केले. तोवर मोनोटाइप कंपनीने त्याच खिळ्यांवरून ‘गॅरमाँड’ नावाचे वळण बाजारात आणलेही होते. बोजाँ हे बिअट्रिस वॉर्ड यांचे टोपणनाव. मुद्रण पारदर्शक पेल्यासारखे असावे, असे १९३० साली व्याख्यानातून सांगणाऱ्या त्या याच. पारदर्शकतेच्या या पुरस्कर्त्रीची कीर्ती मात्र अक्षराच्या वळणावर नजर रोखून धरल्याने झाली.

मॉरिसन यांचा निबंध पुढे स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने वाचला जाऊ लागला आणि त्याला सिद्धान्ताचे वजन आले. (आपल्याकडील समीक्षालेखसंग्रहांतही मूळ नियतकालिकाचे नाव लेखाखाली बारीक टाइपात उरते, कधी तेवढेही नाही.) अंकात मात्र तो निबंध वादातील एक पक्ष होता आणि प्रतिपक्ष शेजारच्याच पानांवर, शाईत उमटलेला होता.