पॅरिसची पोरे आणि त्यांचे ‘मेंक’

देशोधडीला लागलेल्या समाजात वाङ्मयीन नियतकालिक काढणाऱ्याकडून दोन अपेक्षा असतात: त्याने चांगले साहित्य छापावे आणि भाषाही जगवावी. आर्मेनियन संपादकांनी ही दोन्ही कामे एकच मानून पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड केली. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण भाषा जगवण्याचे काम एकदा अंगावर घेतले की वाईट लिहिणाऱ्याला वाईट म्हणण्याची सोय उरत नाही. या समाजाच्या परदेशांतल्या नियतकालिकांचा इतिहास मला तरी असाच दिसतो. त्याला एक ठसठशीत अपवाद आहे, आणि तो जेमतेम दोन-तीन वर्षे टिकला.

या इतिहासाचा आरंभ आपल्याकडचा आहे. आर्मेनियन भाषेतले पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ साली मद्रासमध्ये निघाले. संपादक हारुत्युन श्मावोनियान हे मूळचे शिराझचे धर्मगुरू, आणि वाचक म्हणजे पूर्वेकडच्या बंदरांत पेढ्या टाकून बसलेले आर्मेनियन व्यापारी. त्यामुळे अंकात जहाजांच्या बातम्या आणि इतिहासविषयक मजकूर शेजारी शेजारी नांदत. बाळशास्त्र्यांचे ‘दर्पण’ निघायला अजून ३८ वर्षे होती. अठरा अंक निघाले आणि १७९६ मध्ये ‘अझ्दारार’ बंद पडले. वर्गणीदार पुरेसे नव्हते. हे कारण पुढच्या सव्वादोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा ऐकू येते.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये १९१४ साली ‘मेह्यान’ या मासिकाचे सात अंक निघाले. जुन्या भावविवशतेला वैतागलेल्या दानियेल वारुझान, हागोप ओशागान, गोस्तान झारियान यांनी ते काढले होते. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल १९१५ रोजी, ऑटोमन सरकारने शहरातल्या आर्मेनियन बुद्धिजीवींची धरपकड सुरू केली. वारुझान मारला गेला. पश्चिम आर्मेनियन, म्हणजे ऑटोमन मुलखातल्या आर्मेनियनांच्या भाषेतल्या, साहित्यातली जवळजवळ एक अख्खी पिढी त्या वर्षी सुरू झालेल्या नरसंहारात संपली. त्यामुळे पुढे पॅरिसमध्ये जे तरुण लिहू लागले त्यांना भांडायलासुद्धा वडीलधारे शिल्लक नव्हते.

ही तरुण मंडळी ‘पॅरिसची पोरे’ म्हणूनच ओळखली जातात. झारेह व्होर्पुनीचे वडील त्या नरसंहारात गेले होते, वाझगेन शुशानियानचे जवळपास सगळे कुटुंबच. शाहान शाहनूर १९२३ साली कॉन्स्टँटिनोपलहून पॅरिसला आला आणि छायाचित्रांना रिटचिंग करून पोट भरू लागला. निगोघोस साराफियान कविता लिहीत होता. शावार्श मिसाकियान यांनी १९२५ साली सुरू केलेल्या ‘हाराच’ या दैनिकात त्यांना जागा मिळाली. शाहनूरची ‘गाण्याविना माघार’ ही कादंबरी १९२९ मध्ये तिथेच क्रमशः आली. तिचा नायक बेद्रोस छायाचित्रकार आहे आणि पॅरिसमध्ये पाहता पाहता ‘पिएर’ होऊन जातो. एक पात्र तर हजार वर्षे पूजनीय मानल्या गेलेल्या नारेकच्या संत ग्रिगोरच्या प्रार्थनाग्रंथावरच तोंडसुख घेते. समाजात गहजब झाला. अश्लीलतेचा आरोप तर ठरलेलाच.

या वातावरणात १९३१ साली ‘मेंक’, म्हणजे ‘आम्ही’, निघाले. सोबत अनेकांच्या सह्यांचा जाहीरनामाही होता. त्या काळी बॉस्टनच्या ‘हायरेनिक’ मासिकात हामास्तेघ हा लेखक खारपेर्त परिसरातल्या हरवलेल्या गावाच्या कथा लिहीत होता. कथा सुरेख होत्या आणि वाचकांचे डोळे पाणावत. पॅरिसकरांना ते पाणीच नको होते. भाड्याची खोली, कारखाना, फ्रेंच बाई, आईशी तुटत चाललेले बोलणे हे त्यांचे विषय. गाव गेले, आता त्याची आरती कशाला, असा त्यांचा रोखठोक पवित्रा होता. अनुवादांतून वाचणाऱ्याने त्यांच्या भाषेच्या पोताबद्दल फार बोलू नये. तरीही शाहनूरची जळजळीत उपरोधाची धार अनुवादातही बोथट होत नाही, हे सांगायलाच हवे.

‘मेंक’चे मोजकेच अंक निघाले आणि १९३३ मध्ये ते थांबले. पैसा नव्हता आणि सह्या करणाऱ्यांची आपापसात तोंडे वेगवेगळ्या दिशांना होती. पुढे शाहनूरला हाडांच्या क्षयाने गाठले. इस्पितळांच्या खाटांवर पडून तो आर्मेन लुबँ या नावाने फ्रेंच कविता लिहू लागला आणि फ्रेंच कवी म्हणूनही नावाजला गेला.

नंतर केंद्र बैरूतकडे सरकले. तिथे शाळा होत्या, चर्च होते, पक्ष होते; म्हणजे वर्गणीदारही होते. अनाथालयात वाढलेल्या आंद्रानिक झारुगियानने अलेप्पोत सुरू केलेले ‘नायिरी’ १९५२ पासून बैरूतहून निघू लागले. ‘हामाझ्गायीन’ या सांस्कृतिक संस्थेचे ‘बागिन’ १९६२ साली आले. ते टिकले, हे त्याचे मोठेच श्रेय. पण संस्थेच्या छपराखाली नियतकालिकाला संस्थेची शिस्तही येते. आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लेखक. त्यात कुणाच्या पुस्तकाची चिरफाड केली तर तो लिहायचाच थांबेल, ही भीती खोटी नव्हती. प्रत्येक नवे पुस्तक मग वाढदिवसासारखे साजरे होऊ लागले. क्रिकोर बेलेदियान यांच्या पिढीने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आहेगान’ काढून ही कोंडी फोडून पाहिली. तेही काही वर्षांत आटोपले.

न्यू यॉर्कच्या ‘आरारात’ या त्रैमासिकाने १९६० मध्ये वेगळाच मार्ग धरला. ‘एजीबीयू’ या आर्मेनियन धर्मादाय संस्थेचा पैसा, जॅक आंत्रेआसियान हे पहिले संपादक, आणि भाषा थेट इंग्रजी. सारोयानसारखा नावाजलेला लेखक त्यात लिहून गेला, उत्तम अनुवाद आले. तरी इंग्रजीत लिहिणाऱ्याला न्यू यॉर्कमध्ये मासिकांचा तोटा नव्हता. मायकल आर्लेनचे ‘पॅसेज टू आरारात’, अमेरिकेतल्या आर्मेनियन लेखकांच्या त्या पिढीचे बहुधा सर्वांत गाजलेले आत्मकथन, आधी ‘न्यू यॉर्कर’मध्ये आले. मुख्य रस्त्यालगत गल्ली असावी तसे ‘आरारात’ सज्जनपणे चालत राहिले. त्यावर रागावावे असे त्यात फारसे काही नव्हते, आणि माझी तक्रार तीच आहे.

‘हाराच’ २००९ मध्ये बंद झाले. पुढच्याच वर्षी युनेस्कोने पश्चिम आर्मेनियनला धोक्यातल्या भाषांच्या यादीत टाकले. आता लिस्बनचे गुल्बेंकियन प्रतिष्ठान या भाषेच्या शिक्षणावर पैसा खर्च करते. मुलांना भाषा यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण अनुदानाच्या अर्जात समाजाला चिडवणाऱ्या अंकासाठी रकाना नसतो, आणि ‘मेंक’ला तर पाठिंब्यादाखल समाजाचा संतापच मिळाला होता.

बेलेदियान यांनी फ्रान्समधल्या आर्मेनियन साहित्याच्या पन्नास वर्षांचा इतिहास २००१ साली ग्रंथरूपाने मांडला. ‘मेंक’बद्दल सविस्तर वाचायचे तर वाट तिथूनच जाते. कादंबऱ्या ते हट्टाने पश्चिम आर्मेनियनमध्येच लिहीत आले. हा इतिहास मात्र त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिला.