मतदारयादीतील स्त्रीनाम

प्रौढ मताधिकाराची चर्चा आपल्याकडे बहुधा संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदापासून सुरू होते. ऑर्निट शनी यांनी ‘हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ (२०१८) या ग्रंथात ती मतदारयादीच्या घडणीपासून सुरू केली, हे या ग्रंथाचे मुख्य वैशिष्ट्य होय. १९३५च्या कायद्यान्वये मालमत्ता, कर, शिक्षण इत्यादी अटींमुळे मताधिकार अल्पसंख्य लोकांपुरताच मर्यादित होता. संविधान अमलात येण्यापूर्वीच, १९४७च्या अखेरीस, संविधान सभेच्या सचिवालयाने सर्व प्रौढांच्या यादीचे काम हाती घेतले. कायम वास्तव्याचा इरादा जाहीर करणाऱ्या निर्वासितांचीही नोंद करावी, असे त्याने ठरविले.

या यादीच्या हकीकतीस लेखिका भागाभागाने लोकांपर्यंत पोचणाऱ्या महाकाव्याची उपमा देतात. उपमा समर्पक आहे. किंबहुना लेखिकेला अभिप्रेत असेल त्याहून अधिक. आपल्या महाकाव्यांत गांधारी व कैकेयी देशावरून ओळखल्या जातात, द्रौपदी पित्यावरून. पृथा कुंतिभोजाच्या घरी गेली आणि कुंती झाली. पहिल्या यादीतही असेच घडले. लक्षावधी स्त्रियांनी परक्या माणसास स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात अशा नोंदी अग्राह्य ठरल्या. परिणामी सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया १९५१-५२च्या निवडणुकीत मतास मुकल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथे हा प्रकार विशेष आढळला.

समावेशाच्या मर्यादांवर ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि ग्रंथाचा एकंदर सूर यशोगाथेचा आहे. यास्तव या घटनेचे मूल्यमापन अधिक काटेकोरपणे करावयास हवे. सेन यांचे तत्त्व योग्यच होते. मत व्यक्तीचे असते, नात्याचे नसते. नात्याची नोंद ग्राह्य धरली असती, तर स्त्रीच्या अनामिकतेवर शासनाचेच शिक्कामोर्तब झाले असते. परंतु या तत्त्वाचे मोल ज्यांनी दिले, त्यांना ते कोणी समजावून सांगितले होते काय? मताधिकारातील अडसर केवळ द्वेषातूनच निर्माण होतो असे नाही. समतेसाठी केलेला नियमही, तो पाळण्याचे साहाय्य न देता लागू केला, तर अडसर ठरतो. नियम कायम ठेवून नोंदणी करणाऱ्याने पुन्हा दाराशी जाणे, हा त्यावरील उपाय होता. बिहारमध्ये एक महिन्याची वाढीव मुदत दिल्यावर यादी सुधारली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२०१९च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक होती. नावाचा प्रश्न बव्हंशी मिटला आहे; गावाचा मिटलेला नाही. ऊसतोडीसाठी बीड सोडून गेलेल्या मजुराचे नाव यादीत असते, पण मतदानाच्या दिवशी तो दूरच्या फडात असला तर त्या नावाचा त्याला उपयोग नाही. १९५१ साली दाराशी पुन्हा जाण्याची जी गरज होती, ती आज फडापर्यंत जाण्याची आहे.