वाडा आणि गुडघे

आमच्या किन्हीराजाच्या नावात राजा आहे. बाकी सगळी प्रजा. त्यामुळे पाहुण्यांना वाडा दाखवायचा तर मालेगाव, मेहकर, दुसरबीड करत सिंदखेडराजा गाठावे लागते. लखुजी जाधवांचा वाडा, १५९८ साली जिथे जिजाऊंचा जन्म झाला तो. परवा मामांना घेऊन गेलो.

हल्ली कुठल्याही जुन्या वास्तूचे नाव काढा, आराखडा तयार असतो. सिमेंटचे ठोकळे, रंगीत कारंजे, फोटो काढायला ठळक अक्षरांतले गावाचे नाव आणि मोटार थेट दारापर्यंत! आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाडा नसतोच, मंगल कार्यालय असते.

जुन्या लोकांना पाहुणा आत कसा घ्यावा ते कळत होते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा. वरचे खिळे हत्तीसाठी, दिंडी माणसासाठी. भलेभले त्या दिंडीतून वाकूनच आत जातात. एवढे काम एका छोट्या दाराने होते, कारंजे लागत नाही.

समृद्धी महामार्गाचा शिर्डी-नागपूर टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ताशी १२० ची मुभा. त्या वेगातून उतरलेल्या माणसाला वाडा दिसायलाच पाच मिनिटे लागतात. ती चालण्यात जाऊ द्यावीत. आधी लखुजींचा मोती तलाव दाखवावा, मग गाडी लांब उभी करून पायी वाडा. कमान हळूहळू मोठी होत यायला हवी.

आणि खाली ठोकळे बसवताना जरा जपून! २०२४ मध्ये लखुजींच्या समाधीपाशी पुरातत्त्व खात्याचे काम चालू असताना सव्वादोन मीटर खोल शेषशायी विष्णू सापडले, लक्ष्मी पाय चेपते आहे अशा थाटात. तिथे आधी कुणी रंगीत कारंजे रोवले असते, तर देवांची झोप आणखी काही शतके लांबली असती.

हे सगळे मी मोठ्या पोटतिडकीने मामांना सांगितले. कमानीसमोरच्या ओट्यावर बसून ते गुडघे चोळत होते.

"पायी पायी लावलं तू. ज्याचे गुडघे दुखते त्यानं काय करावं?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटले, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीवरची छोटी गाडी ठेवावी. पण तीही दारापर्यंत नको. अलीकडे निंबाखाली थांबावी, शेवटची चार पावले सावलीतून चालावीत.

मामांनी उन्हात डोळे बारीक करून इकडेतिकडे पाहिले.

"मंग बापा, पहिले निंब तं लावा!"