एका महापौराचें अपुरें आत्मचरित्र

फिओरेल्लो ला गार्दिया हे १९३४ च्या आरंभापासून १९४५ च्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कचे महापौर होते. आपल्याकडे हें पद बहुतांशीं मानाचें. तेथील महापौर मात्र शहराचा कारभार प्रत्यक्ष हांकतो. म्हणून 'द मेकिंग ऑफ ॲन इन्सर्जंट' हें त्यांचें आत्मचरित्र हातीं घेतांना वाचक त्या बारा वर्षांची कथा शोधूं लागतो, आणि ती त्यास सांपडत नाहीं. ग्रंथ १९१९ पाशींच थांबतो. १९४७ च्या सप्टेंबरांत लेखकास मृत्यूनें गांठलें व जें लिहून झालें होतें तें १९४८ मध्यें प्रसिद्ध झालें. तरीही ला गार्दिया यांची कारकीर्द समजून घेऊं इच्छिणारानें हेंच पुस्तक आधीं वाचावें, असें आमचें मत आहे.

लेखकाचे वडील इटलीहून आलेले, अमेरिकन सैन्यांत बँडमास्तर. आई त्रिएस्तची ज्यू. बालपण ॲरिझोनांतील लष्करी ठाण्यांत गेलें. तेथें एकदां माकड घेऊन, दांड्यानें फिरवावयाचा बाजा वाजवीत एक इटालियन आला. तूंही त्याच्यांतलाच, मग तुझें माकड कोठें, असें म्हणून पोरांनीं फिओरेल्लोस हिणविलें. वडिलांनीं मात्र त्या बाजेवाल्याशीं आपल्या बोलींत गप्पा मारून त्यास घरीं जेवावयास बोलाविलें. ही हकीकत लेखकानें दोनचार ओळींतच सांगितली आहे. पण ती मनांतून जात नाहीं.

ग्रंथांतील सर्वोत्तम पानें फ्यूमे बंदराविषयींची आहेत. विशीच्या आरंभीं ला गार्दिया तेथें अमेरिकेचे वकिलातीचे प्रतिनिधि होते. घरदार विकून निघालेल्या गरिबांस अमेरिकेच्या किनाऱ्यावर रोगाच्या कारणानें नाकारून परत धाडीत. त्यांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्यापूर्वींच झाली पाहिजे, असा आग्रह त्यांनीं धरला, आणि जहाजकंपनीचा विरोध पत्करूनही सोडला नाहीं. पुढें १९०७ ते १९१० या काळांत एलिस बेटावर दुभाष्याचें काम करीत त्यांनीं रात्रीं कायद्याचा अभ्यास केला. ज्यांचें म्हणणें ते दुसऱ्या भाषेंत मांडीत, त्यांच्याच मुलांबाळांच्या मतांवर ते पुढें निवडून आले.

'ज्याचें जळतें त्यालाच कळतें' असें आपण म्हणतों. आमचे विद्यार्थीही निबंधांत, दारिद्र्य व अपमान भोगलेला मनुष्यच चांगला राज्यकर्ता होतो, असें निःशंकपणें लिहितात. हा ग्रंथ त्या समजुतीचा अर्धाच पुरावा देतो. महापौर झाल्यावर टॅमनी हॉलच्या पक्षयंत्रणेचें वर्चस्व ज्यांनीं खिळखिळें केलें, १९४५ मध्यें वृत्तपत्रें वांटणाऱ्यांच्या संपाच्या वेळीं मुलांसाठीं रेडिओवर चित्रकथा वाचून दाखविल्या, त्याच ला गार्दियांनीं १९३६ मध्यें शहरांतील बाजेवाल्यांवर बंदी घातली. रहदारीसारखीं कारणें होतीं. परंतु ॲरिझोनांतील ती जुनी चीड त्यांनीं लपविलेली नाहीं. वडिलांनीं ज्यास पंक्तीस बसविलें, त्याचीच भाकर मुलानें काढून घेतली.

याहून गंभीर गोष्ट हार्लेमची. १९३५ च्या मार्चमध्यें कृष्णवर्णीयांच्या त्या वस्तींत दंगल उसळली. महापौरांनीं चौकशीसमिति नेमली, हें योग्यच झालें. पण पोलिसांची दांडगाई, बेकारी व वर्णभेद यांवर बोट ठेवणारा तिचा अहवाल त्यांनीं प्रसिद्ध केला नाहीं. अखेर १९३६ मध्यें 'ॲम्स्टरडॅम न्यूज' या पत्रानें तो छापला. फ्यूमेच्या धक्क्यावर परक्यांच्या हक्कांसाठीं अडून बसलेल्या तरुणास हें दडपणें रुचलें असतें काय?

याचें उत्तर ग्रंथांत नाहीं, व तें केवळ ग्रंथ अपुरा राहिला म्हणून नव्हे. ला गार्दियांची शैली निष्णात वकिलाची आहे: सरळ, चटकदार, प्रतिपक्षास नेमकी टोंचणारी. परंतु आपलें चुकलें असेल काय, ही शंका तींत क्वचितच डोकावते. बंडखोरास ती शंका परवडत नसेल. सत्ताधाऱ्यास मात्र तिच्यावांचून चालत नाहीं. ग्रंथाच्या नांवांतला बंडखोर येथें पुरा उभा राहिला आहे. त्याच्या हातीं शहर आल्यावर काय झालें, तें वाचकानें इतर साधनांवरून ताडून पाहावें. आणि तसें करतांना फ्यूमेचा धक्का व हार्लेमचा अहवाल या दोहोंपैकीं एकाचाही विसर पडूं देऊं नये.