पितळेंत न ओतलेलें

नक्कल हुबेहूब असली म्हणजे तींत इतिहास उतरलाच, असें आपण सहज मानतों. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटालींत घडविल्या जाणाऱ्या टोपीदार रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृतींवरून हा समज पारखून घ्यावा. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’चा व्यास ०.३६ इंच व सांगाडा लोखंडी. परंतु बाजारांत पितळी सांगाड्याची, ०.४४ इंची ‘नेव्ही’ सर्रास मिळते. कोल्टनें तशी कधींच काढली नव्हती. ही चूक जाणत्यास तत्काळ दिसते.

दुसरी नक्कल जॉर्जियांतील ग्रिसवोल्डव्हिलच्या रिव्हॉल्व्हरची. अमेरिकन यादवींत, १८६२ ते १८६४ या काळांत, दक्षिणेच्या सैन्यासाठीं तेथें सुमारें ३,७०० रिव्हॉल्व्हरें तयार झालीं. पोलाद दुर्मिळ, म्हणून सांगाडा पितळी. नकलेंत तो पितळी सांगाडा आणि ती गोल नळी यथास्थित आहेत. मात्र मूळ हत्यार घडविणारे बहुतेक हात गुलामांचे होते. स्वतःचेंच दास्य राखणाऱ्या सैन्यास त्यांना शस्त्रें पुरवावीं लागलीं! ही गोष्ट पितळेंत ओततां येत नाहीं. म्हणून निर्दोष असलेली ही दुसरी नक्कलच अधिक फसवी. तिची चकाकी पाहणाऱ्यास कांहीं विचारूंच देत नाहीं. त्या हातांची हकीकत सोबत नसेल, तर तिला सुबक वस्तु म्हणावें; इतिहास म्हणूं नये.