लाल शाईखालचा युक्तिवाद

१८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांना इंग्रजीत छोटा निबंध लिहून दाखवण्याची अट लागू झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. कारण कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजी निबंधाचा मूळ पेच त्यांतून दिसतो. निबंध हे वाद मांडण्याचे साधन, की लिहिणाऱ्याची पात्रता तपासण्याचे?

हार्वर्डची परीक्षा स्पेलिंग, विरामचिन्हे, व्याकरण आणि शब्दयोजना यांच्या शुद्धतेवर बेतलेली होती. अ‍ॅडम्स शर्मन हिल यांच्या कारकिर्दीत, १८८५ मध्ये, ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला आला आणि इतर अमेरिकन कॉलेजांनी तो कित्ता गिरवला. हा विषय जन्मला तोच डागडुजीसाठी.

पुढे रुळलेला पाच परिच्छेदांचा साचा याच वृत्तीचा आहे. प्रास्ताविकाच्या शेवटी मुख्य विधान, मग तीन परिच्छेदांत तीन मुद्दे, अखेरीस त्याच विधानाचा पुनरुच्चार. बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला या साच्याचा आधार मिळतो, हे मान्य केले पाहिजे. पण एक कसोटी लावून पाहावी. मधल्या तीन परिच्छेदांची अदलाबदल करा. निबंधाचे काहीच बिघडले नाही, तर तिथे युक्तिवाद नव्हताच. होती ती यादी. युक्तिवादात दुसरी पायरी पहिलीवर उभी असते.

या तपासणीला सर्वांत समर्थ उत्तर न्यूयॉर्कमधून आले. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये प्रवेशाची दारे सर्वांना खुली केली. लेखनाचा सराव नसलेली मुले मोठ्या संख्येने वर्गात आली. मिना शॉनेसी यांनी त्यांचे सुमारे चार हजार निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिले. चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, त्यांमागे लिहिणाऱ्याचा स्वतःचा नियम असतो, हे त्यांचे प्रतिपादन.

मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजीला हे नेमके लागू पडते. ‘विषयी चर्चा करणे’ मनात असते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘जरी’ आले की ‘तरी’ यायलाच हवे, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येते. शिक्षक ते ‘बट’ लाल शाईने खोडतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्या वाक्यात विद्यार्थी विरुद्ध बाजूचे म्हणणे मान्य करून आपला मुद्दा पुढे नेत होता, म्हणजे शैक्षणिक निबंधाचे सर्वांत अवघड काम करत होता. त्याची दखल समासात कुठेच नसते.

शुद्धतेच्या आग्रहाचा धोका इथे आहे: तो वाचणाऱ्याला मुद्दा टाळण्याची सवलत देतो. ‘निबंधमाले’तही हे घडले. वाद हाच जिचा प्राण, त्या मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा केली. फुले जातिव्यवस्थेविषयी काय म्हणत होते, हा प्रश्न त्या थट्टेने सुटला नाही.

व्याकरण शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. अशुद्ध इंग्रजीची किंमत नोकरीच्या बाजारात विद्यार्थ्यालाच मोजावी लागते, आणि ती पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक. प्रश्न क्रमाचा आहे. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत होती. मात्र त्या सभेत बहुतेकांना प्रवेशच नव्हता. पहिल्या वर्षाच्या वर्गात तो आता आहे. तेव्हा निबंध हाती आल्यावर आधी पाहावे, हा कोणाशी वाद घालतो आहे आणि त्याचे म्हणणे याने प्रामाणिकपणे मांडले आहे का. ‘बट’ त्यानंतर खोडावे.