फाटक्या अक्षराचं सोंग

काँप्युटरवर सध्या एक जाड अक्षर फार चालतंय. हाताने काढल्यासारखं, कडा कुरतडलेल्या, मध्येच शाई उडालेली. सिनेमाच्या पोस्टरवर तेच, जीनच्या जाहिरातीत तेच, अन् आता आपल्या मोर्चाच्या पत्रकावरही तेच. दोस्त म्हणतात, ह्यात विद्रोह दिसतो. माझा सवाल एवढाच, की ही झीज आली कुठून?

१९६८ च्या मे महिन्यात फ्रान्समधले कारखाने संपावर गेले. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या कलाशाळेचा ताबा घेतला आणि ‘आतेलिए पोप्युलेर’, म्हणजे लोकांची कार्यशाळा, सुरू केली. पहिलं पोस्टर दगडी छापावर निघालं. त्याला वेळ फार. मग त्यांनी सिल्क स्क्रीन धरला. चौकटीवर कापडाची जाळी ताणायची, नको तिथली भोकं बुजवायची अन् रबरी पट्टीने रंग ओढायचा. अक्षर जाड, कारण ते रस्त्यापलीकडून वाचायचं होतं. अक्षर वाकडं, कारण सकाळच्या आत भिंतीवर लागायचं होतं. पोस्टरवर कुणाची सही नाही. त्यांनी लिहूनही ठेवलं की ही पोस्टरं शोभेला लावू नका, त्यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्याच्या भिंतीवर. आज ती म्युझियमांत जपून ठेवलीत.

तेव्हा त्या ओबडधोबडपणामागे घाई होती, गरज होती. आपल्या सायक्लोस्टाईलचंही तसंच. स्टेन्सिलवर टोक जरा जोरात दाबलं की ‘व’चं पोट गळतं. गिरणीत कापडाच्या गाठीवर पत्र्याचा मार्का ठेवून शाई मारतात, तिथंही दोन गाठी सारख्या उठत नाहीत. काँप्युटरातल्या फाटक्या अक्षराचं सोंग इथंच उघडं पडतं. एका ओळीत तीन ‘क’ आले तर तिघांना त्याच जागी तोच ओरखडा. फार तर एका अक्षराची दोन-तीन रूपं करून ठेवतात. झीज मोजून मापून केलेली.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. इंग्रजी अक्षराचा कोपरा उडाला तरी वाचता येतं. आपल्याकडे टिंब उडालं की ‘बंड’चा ‘बड’ होतो. ‘संघर्ष’वरचं टिंब आणि रफार खाल्ले तर उरतं काय? ‘सघष’!

शिकलेल्या डोळ्याला हे चालून जाईल. पण उतारवयात पोरांच्या पाटीवर अक्षर ओळखायला शिकलेली आपली माय रस्त्याकडेला उभी राहून एकेक अक्षर जोडत वाचते. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्यांच्यासमोर आपणच अक्षर मोडून ठेवायचं? कशासाठी? विद्रोही दिसावं म्हणून?

अक्षर जाडच काढा, हाताने काढा, घाईत वाकडं आलं तर येऊ द्या. पण टिंब, मात्रा, रफार शाबूत ठेवा. छापायच्या आधी एक प्रत भिंतीला लावून रस्ता ओलांडा आणि तिथल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. पुढची झीज ऊन-पाऊस करील, अन् रात्री पोस्टर फाडायला येणारे हातही आहेतच.